कोट्टायमच्या वलिय पळ्ळीतील पहलवी शिलालेख

केरळमधील कोट्टायम शहरात 'वलिय पळ्ळी' या नावाने ओळखले जाणारे एक प्राचीन चर्च आहे. मल्याळममध्ये 'वलिय' म्हणजे मोठे आणि 'पळ्ळी' म्हणजे प्रार्थनास्थळ. मशिदीलाही तेथे पळ्ळीच म्हणतात. तेक्कुमकूरच्या राजांच्या अमलात, १५५० मध्ये, क्नानाया ख्रिस्ती समाजासाठी हे चर्च उभारण्यात आले. मात्र चर्चमधील दोन कोरीव शिळा वास्तूपेक्षा कित्येक शतकांनी जुन्या आहेत. कोडुंगल्लूर येथील जुन्या चर्चमधून त्या येथे आणल्या गेल्या, असे परंपरा सांगते.

या शिळांवरील क्रूस युरोपीय चर्चमधील क्रूसांहून वेगळा आहे. त्यावर येशूची आकृती नाही. भुजांची टोके कळ्यांसारखी उमललेली, पायाशी पायऱ्या, दोन्ही बाजूंस वळणारी पाने आणि वरून झेपावणारे कबूतर, अशी त्याची रचना आहे. भोवती खांबांवर पेललेली कमान असून तिच्या दोन्ही टोकांना मकरमुखे आहेत. भारतीय मंदिरांच्या मकरतोरणाशी परिचित असलेल्या वाचकास ही कमान मुळीच परकी वाटणार नाही. कमानीवर कोरलेली अक्षरे मात्र इराणातील आहेत.

ही लिपी पहलवी. दोन शिळांपैकी धाकटी सर्वसाधारणपणे सातव्या-आठव्या शतकातील, तर मोठी दहाव्या शतकाच्या सुमाराची मानली जाते. मोठ्या शिळेवर पहलवीच्या जोडीला सिरियाक भाषेतील बायबलचे एक वचनही आहे. धाकट्या शिळेवरील मजकूर चेन्नईच्या सेंट थॉमस माउंट येथे १५४७ मध्ये पाया खणताना सापडलेल्या क्रूसावरही आढळतो. तो वाचण्यासाठी सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी एका विद्वान ब्राह्मणास पाचारण केले होते. त्याने त्या मोजक्या अक्षरांतून संत थॉमसची लांबलचक कथा वाचून दाखविली!

आर्थर बर्नेल यांनी १८७३ मध्ये ही लिपी पहलवी असल्याचे दाखवून दिले, तरी अर्थाचा वाद मिटला नाही. पहलवीत एकच चिन्ह अनेक ध्वनींसाठी येते, आणि कित्येक शब्द अरमाइक वळणाने लिहून फारसी उच्चाराने वाचले जातात. बर्नेल यांना या ओळीत क्रूसावरील यातनांविषयीचे धर्मतत्त्व दिसले. पुढे १९२० च्या दशकात विंकवर्थ यांनी केलेले वाचन अगदी निराळे होते. त्यांच्या मते ही एक साधी याचना आहे: चाहारबुख्त या सीरियाई गृहस्थाचा पुत्र अफ्रास याने ही शिळा कोरली, प्रभू ख्रिस्ताने त्याच्यावर दया करावी. नंतर हेच नाव 'सब्रीशो' असे आणि शिळा 'कोरली' ऐवजी 'आणली' असेही वाचले गेले. तपशिलात मतभेद असले, तरी ही कोणा एका माणसाची प्रार्थना आहे, हा अर्थ अधिक पटण्याजोगा वाटतो.

या अभ्यासास मुंबईनेही हातभार लावला आहे. पहलवी ही पारशी धर्मग्रंथांचीही भाषा असल्याने पारशी विद्वानांचे लक्ष या लेखांकडे वळले. कडमट्टम येथील अशाच क्रूसावर जीवनजी जमशेदजी मोदी यांनी १९२० च्या दशकात मुंबईत निबंध लिहिला. मुंबईलगतच्या कान्हेरी लेण्यांतही अकराव्या शतकाच्या आरंभी आलेल्या पारशी प्रवाशांनी पहलवीत आपली नावे कोरून ठेवली आहेत. गोव्यात आगशी येथे, जुवारीच्या काठी, २००१ मध्ये एका लहानशा स्मारकात दडलेला पहलवी लेखाचा क्रूस मिळाला.

इराणी अक्षरे मलबारात कशी आली, याचे उत्तर कोल्लमच्या इसवी सन ८४९ च्या ताम्रपटात मिळते. वेनाडच्या अय्यन अडिगळ याने तेथील चर्चला दिलेल्या या दानपत्रावर साक्षीदारांच्या सह्या पहलवी, अरबी आणि हिब्रू अशा तीन लिपींत आहेत. मिरीच्या व्यापारासाठी आलेले ख्रिस्ती, पारशी, मुसलमान आणि यहुदी तेव्हा एकाच बंदरात नांदत होते. क्नानाया समाजही आपले मूळ पश्चिम आशियातून आलेल्या क्नाई थोमा या व्यापाऱ्याशी जोडतो.

वलिय पळ्ळीतील या दोन्ही शिळा आजही वेद्यांवर बसविलेल्या असून चर्चमध्ये नित्य उपासना चालते.