झुरळांपुढे झुरळ धावलं!

किन्हीराजातल्या कुठल्याही पोराला विचारा. आंघोळ करताना, शेतातून येताना, ओसरीवर बसल्या बसल्या गाणं कसं मोकळं येतं! तेच गाणं २६ जानेवारीला शाळेच्या पटांगणात माइकसमोर म्हण म्हटलं, की उत्तर तयार: "नाही बाप्पा, मले भेव लागते!"

आता गंमत बघा. वाशीम जिल्ह्यातलं, मालेगाव तालुक्यातलं हे गाव. आपल्या वऱ्हाडात गाण्याला काही तोटा नाही. हरिनाम सप्ताह असतो, भजनी मंडळं असतात. खंजिरी तर राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातून थेट जपानपर्यंत नेली, १९५५ साली. मग पटांगणातच आवाज कुठे अडकतो?

अडकतो तो मूत्रपिंडांच्या डोक्यावर! खरंच. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांवर टोपी घातल्यासारख्या दोन छोट्या ग्रंथी असतात. समोर शंभर डोळे दिसले, की मेंदू त्यांना हुकूम सोडतो आणि त्या ॲड्रेनालिन नावाचं रसायन रक्तात ओततात. छाती धडधडते. हातांच्या कातडीकडे जाणारं रक्त कमी होतं, म्हणून बोटं गार पडतात. तोंडातली लाळ आटते, घशाला कोरड पडते. पोटात गोळा येतो, कारण पचनाचं काम शरीरानं तात्पुरतं बाजूला ठेवलेलं असतं. वाघ दिसला तर पळता यावं म्हणून केलेली ही सगळी तयारी. गावात वाघ नाही, पण शरीराला पहिल्या रांगेत बसलेल्या गणिताच्या बाईसुद्धा पुरतात.

मग ही धडधड गाणं बिघडवते की सुधारते? या प्रश्नाचं मला सगळ्यात आवडणारं उत्तर झुरळांनी दिलंय.

१९६९ साली अमेरिकेत रॉबर्ट झायॉन्स नावाच्या मानसशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी झुरळांची शर्यत लावली. झुरळाला उजेड नको असतो. म्हणून एका टोकाला लख्ख दिवा लावला आणि दुसऱ्या टोकाला अंधारी पेटी ठेवली. दिवा लागला की झुरळ पळत सुटायचं. इथपर्यंत ठीक. पण या पठ्ठ्यांनी वाटेच्या दोन्ही बाजूंना पारदर्शक पेट्या मांडल्या आणि त्यांत बसवले प्रेक्षक. तेही झुरळंच! वाट सरळ होती तेव्हा प्रेक्षकांपुढे झुरळ जास्त वेगानं धावलं. वाटेत वळण घेऊन पेटी शोधायची होती तेव्हा मात्र तेच प्रेक्षक नडले. एकट्यानं जेवढा वेळ लागायचा, त्याहून जास्त लागला.

झायॉन्सचं म्हणणं असं: कुणी बघत असलं की अंगात जोर चढतो, आणि जे सगळ्यात पक्कं बसलेलं असतं तेच आधी बाहेर येतं. घोटून झालेली चीज असेल तर ती खुलते. चुकीची तान पक्की बसली असेल तर चूकच मोठ्यानं ऐकू येते. म्हणून स्नेहसंमेलनासाठी कालच शिकलेलं अवघड गाणं निवडणं म्हणजे स्वतःहून वळणाच्या वाटेवर जाणं. झोपेतून उठवलं तरी म्हणता येईल असं गाणं घ्या.

धडधडीचा आणखी एक प्रताप म्हणजे लय पळते. घरी संथ म्हटलेलं गाणं मंचावर गाडीमागे कुत्रं लागल्यागत सुटतं. इथे सप्ताहातला हरिपाठ फार हुशार आहे. टाळ सगळ्यांचा एकत्र वाजतो, त्यामुळे एकट्याला पळताच येत नाही. एखादा शब्द विसरला तर शेजारचा म्हणतोच, दोन शब्दांनी तुम्ही पुन्हा सामील. पहिला मंच म्हणून याहून चांगली जागा मला तरी सुचत नाही.

आणि विसरल्यावर पुढे जाणं, ही तर लोकांसमोरच शिकायची गोष्ट. घरी चुकलं की आपण थांबतो, पुन्हा पहिल्यापासून धरतो. मंचावर तबला थांबत नाही. चूक मागे टाकून पुढची सम गाठायची, हे बंद खोलीत कितीही रियाज केला तरी अंगवळणी पडत नाही. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या वरच्या परीक्षांमध्ये मंचप्रदर्शन असतं, ते काही उगाच नाही.

पटांगणात आवाज चोरटा वाटतो त्याला भीतीबरोबर भौतिकशास्त्रही जबाबदार आहे. खोलीत भिंती तुमचा आवाज तुम्हालाच परत देतात. उघड्यावर तो निघून जातो. भरलेल्या सभागृहातही माणसं आणि त्यांचे कपडे आवाज शोषतात. तेव्हा आपलाच आवाज कमी ऐकू आला म्हणून किंचाळू नका. तो समोर पोचलेला असतो.

शेवटी एक युक्ती. २०१४ मध्ये हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रुक्स यांनी काही माणसांना दुसऱ्यासमोर गायला लावलं. गाण्याआधी काहींनी मोठ्यानं म्हणायचं, "मला भीती वाटतेय," आणि काहींनी, "मला मजा वाटतेय." सूर-ताल मोजायला यंत्र होतं. मजावाल्यांना शंभरपैकी ८० च्या आसपास गुण पडले, भीतीवाल्यांना ५० च्या थोडे वर. धडधड दोन्हीकडे होती, पण तिला दिलेलं नाव वेगळं होतं. शांत हो, शांत हो, असं स्वतःला दटावण्यापेक्षा हे सोपं.

तर यंदा गाण्यासाठी नाव द्या. "मले मजा वाटते" असं एकदा मोठ्यानं म्हणा आणि चढा वर. आणि दुसऱ्या कुणाची पाळी असेल, तेव्हा खाली बसून खिदळू नका, कारण प्रेक्षक काय करू शकतात ते आता तुम्हाला ठाऊक आहे.