‘पॉलिसी आहे की!’ म्हणण्याआधी

दादा-वहिनी मूल होण्यासाठी नांदेडला उपचार घ्यायचं म्हणतायत आणि घरात कुणीतरी बोलतं, “पॉलिसी आहे की!” मग आखाडा बाळापुरातल्या तुमच्या घरी हळदीचे पैसे मोडण्याआधी पॉलिसीचे कागद तुम्हीच उघडा. न मिळणाऱ्या खर्चांच्या यादीत ‘एक्सल १७’ हा कोड शोधा. वंध्यत्व, आयव्हीएफ, इक्सी, सरोगसी सगळं तिथं वगळलेलं सापडेल. काही पॉलिसींत हे कव्हर मिळतं, पण प्रतीक्षा काळ आणि रकमेची मर्यादा तपासा. एजंटाचं “होऊन जाईल” पुरेसं नाही, लेखी मागा. २०२१च्या कायद्याने स्त्रीबीज देणाऱ्या महिलेला १२ महिन्यांचा विमा बंधनकारक केलाय. जोडप्याच्या खर्चाला मात्र तशी तरतूद नाही. आणि हो, तपासणी एकट्या वहिनीची नको, दादाचीही करायला सांगा!