झोपलेली बदकं मोजताना
हिमाचलमधल्या कांगडा जिल्ह्यात, बियास नदीवर पोंग धरणाचा अवाढव्य जलाशय आहे. मागे धौलाधारची बर्फाळ रांग, पुढे ओसरत चाललेलं पाणी आणि उघडा पडलेला गाळ. उत्तरेकडची सरोवरं गोठली की पाणपक्षी इथे उतरतात. अनेक हिवाळ्यांत इथली गणना लाखाच्या पुढे गेली आहे. वनखात्याची माणसं आणि पक्षीमित्रांचे गट काठ वाटून घेतात आणि एकाच वेळी मोजायला बसतात, कारण आज इथे दिसलेला थवा उद्या पलीकडच्या काठावर असला, तर तो दोनदा मोजला जाईल.

पण लाखभर पक्षी मोजायचे कसे? आधी स्कोपमधून दहा बदकं नेमकी मोजायची आणि ती पाण्यावर किती जागा व्यापतात ते नजरेत बसवायचं. तशा दहा जागा म्हणजे शंभर. मग पायलीने धान्य मापावं तसा सगळा थवा या शंभरांनी मापत जायचा. मध्ये दाटी आणि कडेला विरळ, त्यामुळे माप सारखं बदलावं लागतं. एवढं करूनही मोठ्या थव्याचा अंदाज बहुधा कमीच निघतो! तलवार बदकं आणि थापट्या निदान पाण्यावर तरी राहतात. डोकं आत गेलं तरी शेपूट दिसते. शेंडी बदकं आणि लालसरी मात्र बुडी मारून नाहीशी होतात. त्यांच्यावरून नजर पुन्हा पुन्हा फिरवायची आणि सर्वांत मोठा आकडा धरायचा.

त्यात निम्मी बदकं चोच पाठीच्या पिसांत खुपसून झोपलेली. ही झोप मला सगळ्यात विलक्षण वाटते. नील्स रॅटनबोर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 मध्ये मॅलार्ड बदकांवर प्रयोग केला. ओळीत ठेवलेल्या बदकांपैकी टोकाची बदकं मधल्यांपेक्षा जास्त वेळा एक डोळा उघडा ठेवून अर्ध्याच मेंदूने झोपत होती, आणि त्यांचा उघडा डोळा बहुतेक वेळा थव्याच्या बाहेरच्या बाजूला असे. आपण थवा मोजत असतो, तेव्हा थव्याच्या कडेचे पहारेकरी झोपेतही आपल्याकडे पाहत असू शकतात.

बदकांच्या शेजारीच पट्टकादंब हंस चरतात. काही वर्षी पोंगवर त्यांची संख्या चाळीस हजारांपलीकडे गेली आहे. त्यांचं हिमोग्लोबिन विरळ हवेतूनही ऑक्सिजन पकडतं. उपग्रहाने माग काढलेला एक हंस 7,290 मीटर उंचीवर नोंदला गेला. तरी ते उगाच उंचावर राहत नाहीत. दरी आली की खाली येतात, डोंगर आला की पुन्हा चढतात. दाट हवेत उडायला कमी कष्ट पडतात.

2020 सरता सरता याच जलाशयात बर्ड फ्लू शिरला आणि काही आठवड्यांत सुमारे 5,000 पक्षी मेले. त्यांत बहुतेक पट्टकादंब होते. हा घाव किती खोल होता, हे आधीच्या हिवाळ्यांचे आकडे वहीत होते म्हणूनच कळू शकतं. पाणथळ जागांसाठीच्या रामसर कराराची एक कसोटीही अशीच मोजणीवर उभी आहे: एखाद्या जातीच्या एकूण संख्येपैकी एक टक्का पक्षी नियमित येत असतील, तर ती पाणथळ आंतरराष्ट्रीय महत्त्वाची ठरते.

1987 पासून दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. आपल्याकडे नाशिकजवळच्या नांदूर मध्यमेश्वरलाही थापट्या आणि तलवार बदकं येतात. पक्षी ओळखता येत नसले तरी अशा गणनेत नवख्याला काम असतंच: मोजणाऱ्याची नजर स्कोपवरून हलू नये, म्हणून आकडे लिहून घ्यायला शेजारी कोणीतरी लागतं.