शासकीय कर्मचारी, राजकारण आणि आंदोलन : आचरण नियमांची रेषा कुठे आहे?

या पाठातून काय शिकाल?

- आचरण नियम कोणत्या घटनात्मक अधिकारातून तयार होतात
- राजकारण, निदर्शने आणि संप या तीन गोष्टींना कायदा वेगवेगळे का वागवतो
- सर्वोच्च न्यायालयाने १९६२ आणि २००३ साली काय ठरवले
- प्रत्यक्ष नोकरीत स्वतःची बाजू सांभाळून मागणी कशी मांडता येते

१. प्रस्तावना : एकाच घरातील दोन नोकऱ्या

रायपूरजवळ, बिरगावला लागून उरला ही औद्योगिक वसाहत आहे. पोलादाच्या रोलिंग मिल आणि लहानमोठे कारखाने यांचा हा भाग. अशी कल्पना करा की येथील एका घरात दोन भाऊ राहतात. मोठा रोलिंग मिलमध्ये कामगार आहे आणि धाकटा म्हणजे तुम्ही, शासकीय शाळेत शिक्षक आहात. दोघांचेही भत्ते थकले आहेत.

मोठा भाऊ आपल्या युनियनकडे जातो. औद्योगिक संबंध संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तिच्यानुसार १४ दिवसांची पूर्वसूचना दिली आणि कायद्यातील इतर अटी पाळल्या, तर त्यांचा संप कायदेशीर ठरतो. तुम्ही मात्र तीच मागणी घेऊन, तशीच पूर्वसूचना देऊन संपावर गेलात, तर ती गैरवर्तणूक ठरते. वेतन कापले जाते आणि विभागीय चौकशीही होऊ शकते.

तक्रार एकच, घर एकच, तरी कायदा दोन. असे का? आणि मग तुमच्या हातात नेमके काय उरते? या दोन प्रश्नांची उत्तरे आपण या पाठात शोधणार आहोत. सुरुवातीलाच एक गोष्ट लक्षात ठेवा. "सरकारी माणसाने गप्प बसावे" असा कायदा नाही. कायद्याने काही दारे बंद केली आहेत आणि काही उघडी ठेवली आहेत. कोणते दार कोणते, हे माहीत नसल्यामुळेच बहुतेकांचे नुकसान होते.

२. नियमांचा उगम

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ३०९ नुसार केंद्र आणि राज्ये आपापल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्ती ठरवतात. त्यातूनच आचरण नियम तयार झाले. केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी १९६४ चे केंद्रीय नागरी सेवा (आचरण) नियम आहेत, तर भारतीय प्रशासकीय सेवेसारख्या अखिल भारतीय सेवांसाठी १९६८ चे. महाराष्ट्रात १९७९ चे महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम लागू आहेत. छत्तीसगड राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी मध्य प्रदेशातून वेगळे झाले. मध्य प्रदेशाचे १९६५ चे आचरण नियम तेथे छत्तीसगडच्या नावाने पुढे चालू राहिले. म्हणजे गोंदियातील लिपिक आणि शेजारच्या राजनांदगावातील लिपिक वेगवेगळ्या नियमांखाली येतात, पण या नियमांचा गाभा बराचसा सारखा आहे.

या बंधनांचे कारण समजून घेतले पाहिजे. सरकारे बदलतात, कर्मचारी तोच राहतो. आज तुम्ही ज्या पक्षाविरुद्ध प्रचार केला, तो उद्या सत्तेवर आला तर त्याचे आदेश तुम्ही मनापासून पाळाल का? शिधापत्रिकेसाठी तुमच्या टेबलासमोर उभा असलेला माणूस विरोधी पक्षाचा असेल, तर त्याला न्याय मिळेल असा विश्वास त्याला वाटेल का? निःपक्षपातीपणा असावा लागतो आणि तो लोकांना दिसावाही लागतो. या नियमांमागचा मुख्य विचार हाच आहे.

हा प्रश्न जुना आहे. १८८५ साली मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले. महादेव गोविंद रानडे तेथे हजर होते, पण सरकारी नोकर असल्यामुळे त्यांना प्रतिनिधी म्हणून भाग घेता येत नव्हता. १८९० च्या कलकत्ता अधिवेशनाच्या वेळी तर बंगाल सरकारने आपल्या अधिकाऱ्यांनी प्रेक्षक म्हणूनही जाणे योग्य नाही असे कळवले. सभेला नुसते जाणे म्हणजे भाग घेणे होते का? हा तेव्हाचा प्रश्न पुढे कसा परत आला, ते आपण लवकरच पाहू.

३. पहिली रेषा : राजकीय पक्ष आणि निवडणूक

केंद्रीय नियमांतील नियम ५ असे सांगतो :

- कर्मचाऱ्याने कोणत्याही राजकीय पक्षाचा, किंवा राजकारणात भाग घेणाऱ्या संघटनेचा सदस्य असू नये.
- राजकीय चळवळीला वर्गणी देऊ नये आणि अन्य मार्गानेही मदत करू नये.
- संसद, विधिमंडळ किंवा स्थानिक संस्थेच्या निवडणुकीत प्रचार करू नये किंवा आपले वजन वापरू नये.
- मतदान जरूर करावे. मात्र आपण कोणाला मत देणार आहोत किंवा दिले आहे, हे सूचित करू नये.
- अंगावर, वाहनावर किंवा घरावर निवडणूक चिन्ह लावणे म्हणजे वजन वापरणे होय.

शेवटचा मुद्दा नीट वाचा. मोटारसायकलवरचा एक स्टिकरही पुरेसा आहे. याशिवाय लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १३४-अ नुसार उमेदवाराचा निवडणूक प्रतिनिधी, मतदान प्रतिनिधी किंवा मतमोजणी प्रतिनिधी म्हणून काम करणाऱ्या शासकीय कर्मचाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे येथे प्रकरण खात्यापुरते न राहता फौजदारी होते.

आता सर्वांत नाजूक प्रश्न. एखादी संघटना "राजकीय" आहे की नाही, हे कोण ठरवणार? नियम ५ मध्येच उत्तर आहे : शासनाचा निर्णय अंतिम. याचा परिणाम राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या उदाहरणात दिसतो. केंद्राने १९६६ साली आपल्या कर्मचाऱ्यांना संघाच्या कार्यात भाग घेण्यास मनाई करणारा आदेश काढला. छत्तीसगड शासनाने फेब्रुवारी २०१५ मध्ये राज्य कर्मचाऱ्यांसाठी ही मनाई लागू नसल्याचे जाहीर केले. केंद्राने आपले जुने आदेश ९ जुलै २०२४ रोजी मागे घेतले. नियमाचे शब्द तेच राहिले, पण त्यांचा अर्थ सरकारागणिक बदलला. त्या निर्णयांविषयी तुमचे मत काहीही असो, एक धडा सर्वांना लागू आहे : कोणत्याही संघटनेत नाव घालण्यापूर्वी तुमच्या राज्याचे त्या दिवशी लागू असलेले परिपत्रक पाहा.

सभेला हजर राहण्याचा प्रश्न त्रिपुरा उच्च न्यायालयासमोर आला. मत्स्यव्यवसाय विभागातील एका महिला कर्मचाऱ्याला निवृत्तीला काही दिवस उरले असताना निलंबित करण्यात आले. एका राजकीय सभेला हजर राहणे आणि फेसबुकवर लिहिणे, असे आरोप होते. जानेवारी २०२० मध्ये न्यायालयाने म्हटले की सभेला हजर असणे आणि सभेत भाग घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निवडणुकीच्या दिवसांत लोक नेत्यांची भाषणे ऐकायला जातात, तेवढ्यावरून कोणी त्या पक्षाचा ठरत नाही. १८९० साली बंगाल सरकारने दिलेल्या उत्तराच्या नेमके उलट हे उत्तर आहे. पण हा निकाल त्रिपुरा उच्च न्यायालयाचा आहे. रायपूर किंवा नागपुरात तो दाखला म्हणून मांडता येतो, बंधनकारक ठरत नाही.

४. दुसरी रेषा : निदर्शने

येथे अनेकांचा मोठा गैरसमज असतो. निदर्शने करणे सरकारी नोकराला पूर्ण बंद आहे, असे वरिष्ठ सांगतात आणि आपण मानतो. कायदा तसे म्हणत नाही.

बिहारच्या नियमांत निदर्शने आणि संप या दोन्हींवर सरसकट बंदी होती. "कामेश्वर प्रसाद विरुद्ध बिहार राज्य" या १९६२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नोकरी पत्करली म्हणून माणूस अनुच्छेद १९ मधील हक्क गमावत नाही. शांततापूर्ण निदर्शने ही मत मांडण्याची एक रीत आहे. सार्वजनिक सुव्यवस्थेला धोका असो वा नसो, सगळीच निदर्शने बंद करणारा नियम टिकू शकत नाही. संपावरची बंदी मात्र न्यायालयाने कायम ठेवली.

त्याच वर्षी मुंबईतून गेलेले प्रकरण निकाली निघाले : "ओ. के. घोष विरुद्ध ई. एक्स. जोसेफ". जोसेफ हे मुंबईत केंद्राच्या लेखापरीक्षण व लेखा विभागात नोकरीला होते आणि कर्मचारी संघटनेचे पदाधिकारी होते. शासनाने संघटनेची मान्यता काढून घेतल्यावरही त्यांनी ती सोडली नाही. १९६० च्या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या संपाच्या तयारीसाठी झालेल्या निदर्शनांतही त्यांनी भाग घेतला. दोन्ही कारणांसाठी त्यांच्यावर आरोपपत्र आले. न्यायालयाने निदर्शनांवरील सरसकट बंदी येथेही रद्द केली. शिवाय मान्यता नसलेल्या संघटनेचे सदस्य राहू नये, हा नियमही संघटना स्वातंत्र्याच्या विरोधात म्हणून रद्द केला. आज तुम्ही कर्मचारी संघटनेचे सदस्यत्व निर्धास्तपणे घेता, त्यामागे मुंबईच्या या कर्मचाऱ्याचा लढा आहे.

म्हणूनच केंद्रीय नियमांतील आजचा नियम ७ सर्व निदर्शनांना मनाई करत नाही. देशाचे सार्वभौमत्व व सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, न्यायालयाचा अवमान, बदनामी अशा ठरावीक बाबींना बाधा आणणाऱ्या निदर्शनांनाच तो मनाई करतो. मात्र कार्यालयाच्या आवारात सभा घेण्याचा हक्क तुम्हाला नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली रेल्वेच्या एका प्रकरणात स्पष्ट केले. जागा मालकाची, म्हणून तेथे परवानगी त्याची.

पोलिसांची गोष्ट वेगळी आहे. अनुच्छेद ३३ आणि १९६६ च्या पोलीस दल (हक्कांवर निर्बंध) अधिनियमामुळे त्यांचे संघटना व निदर्शनांचे हक्क बरेच आवळलेले आहेत. वरील सवलती त्यांना जशाच्या तशा लागू होत नाहीत.

५. तिसरी रेषा : संप

संपाबाबत कायदा सर्वांत कडक आहे. २००३ साली तामिळनाडूत संपावर गेलेल्या सुमारे पावणेदोन लाख कर्मचाऱ्यांना बडतर्फ करण्यात आले. "टी. के. रंगराजन" प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की शासकीय कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत, कायदेशीर किंवा नैतिक हक्क नाही. बहुतेकांना माफीनाम्यावर परत घेण्यात आले, पण तत्त्व कायम राहिले.

नाव बदलल्याने संप टळत नाही. परवानगीविना सामूहिक रजा, लेखणी बंद, बैठा संप, मुद्दाम हळू काम हे सारे संपाचेच प्रकार मानले जातात. परिणाम असे :

- वेतनकपात : काम नाही तर वेतन नाही.
- सेवाखंड : वरिष्ठता आणि निवृत्तिवेतनावर परिणाम होऊ शकतो.
- विभागीय चौकशी : ठपक्यापासून बडतर्फीपर्यंत शिक्षा. मात्र अनुच्छेद ३११ नुसार, अपवादात्मक परिस्थिती वगळता, चौकशीविना बडतर्फ करता येत नाही.
- अत्यावश्यक सेवा कायदा : तो लागू झाल्यास अटक आणि खटला.

तरीही संप होतात, हे वास्तव आहे. महाराष्ट्रात १९७७-७८ साली राज्य कर्मचाऱ्यांचा ५४ दिवसांचा संप झाला. छत्तीसगडमध्ये २२ ऑगस्ट २०२२ पासून महागाई भत्ता आणि घरभाडे भत्त्यासाठी कार्यालये बंद पडली. जून २०२३ मध्ये तेथील पटवाऱ्यांच्या, म्हणजे आपल्याकडच्या तलाठ्यांच्या, संपावर अत्यावश्यक सेवा कायदा लावण्यात आला. महाराष्ट्रात मार्च २०२३ मध्ये जुन्या निवृत्तिवेतनासाठी १४ ते २० तारखेपर्यंत संप झाला. अशा संपांचा शेवट बहुधा वाटाघाटीने होतो आणि कारवाई किती करायची हेही तेथेच ठरते. पण ती शासनाने दिलेली सवलत असते, तुमचा हक्क नसतो. "मागच्या वेळी कोणाला काही झाले नाही" हे चौकशी अधिकाऱ्यापुढे उत्तर होऊ शकत नाही.

६. लिहिणे आणि बोलणे

शासनाच्या धोरणावर जाहीर टीका करण्यासही नियमांत मनाई आहे. समाजमाध्यमांमुळे ही रेषा आता रोज ओलांडली जाते. मे २०१७ मध्ये रायपूर मध्यवर्ती कारागृहातील एका उपअधिकाऱ्याला बस्तरविषयीच्या फेसबुक लिखाणानंतर निलंबित करण्यात आले. महाराष्ट्र शासनाने जुलै २०२५ मध्ये कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यम वापराविषयी स्वतंत्र सूचना काढल्या. मित्रांच्या गटात पाठवलेला मजकूरही पुराव्यात येऊ शकतो, हे ध्यानात ठेवा. केंद्रीय नियमांत एक महत्त्वाचा अपवाद आहे : कर्मचारी संघटनेचा पदाधिकारी म्हणून सेवाशर्तींविषयी प्रामाणिकपणे मांडलेले मत ही टीका मानली जात नाही.

७. मग तुम्ही काय करू शकता?

उरल्याच्या त्या शिक्षकाकडे परत येऊ. थकलेल्या भत्त्यासाठी तुम्ही :

१. योग्य मार्गाने, म्हणजे वरिष्ठांमार्फत, लेखी निवेदन द्या आणि पोच घ्या.
२. संघटनेमार्फत मागणी मांडा. एकट्याच्या पोस्टपेक्षा संघटनेचे पत्र सुरक्षित असते.
३. कार्यालयीन वेळेबाहेर किंवा मंजूर वैयक्तिक रजेवर, ठरवून दिलेल्या जागी, प्रशासनाची परवानगी घेऊन शांततेत धरणे धरा.
४. त्या मंचावर पक्षाचा झेंडा किंवा उमेदवार येऊ देऊ नका. आला, तर पहिली रेषा ओलांडली जाते.
५. नोटीस आली तर मुदतीत लेखी उत्तर द्या. गप्प राहणे हे सर्वांत महाग पडते.
६. भत्ता हा नियमाने देय असेल तर न्यायालयाचे दार उघडे आहे.

८. सारांश

पक्षीय राजकारण बंद आहे. शांततापूर्ण निदर्शनांना मर्यादेत वाव आहे. संपाचा हक्क नाही. नागरिक म्हणून तुमचे मत आणि संघटना शाबूत आहेत. कर्मचारी म्हणून तुमची निष्ठा पक्षाशी नसून टेबलासमोर उभ्या असलेल्या प्रत्येक माणसाशी आहे. या दोन बाजूंचा तोल सांभाळणे हेच आचरण नियमांचे काम.

स्वाध्याय

१. १९६२ च्या दोन निकालांत निदर्शने आणि संप यांत न्यायालयाने कोणता फरक केला?
२. एक लिपिक मंजूर रजेवर असताना पक्षाच्या सभेत मागच्या रांगेत बसून भाषण ऐकतो. नियमभंग झाला का? दोन्ही बाजू मांडा.
३. "संघटना राजकीय आहे का, हे शासनानेच ठरवावे" या तरतुदीचे फायदे आणि धोके लिहा.
४. सामूहिक किरकोळ रजा आणि वैयक्तिक मंजूर रजा यांत कायद्याच्या दृष्टीने काय फरक आहे?