पुरळ उतरल्यावर

मुंबई, नोव्हेंबर 2022. महापालिकेच्या रुग्णालयातला गोवरचा वॉर्ड, सकाळची पाळी.

सकाळी 7
रात्रपाळीच्या सिस्टरकडून चार्ज घेतला. बरीचशी मुलं गोवंडी-कुर्ल्याकडची, पाच वर्षांच्या आतली. करोनाची टाळेबंदी, मग गावी जाणं, परत येणं, खोली बदलणं, या धावपळीत कुणाची नवव्या महिन्याची लस राहिली, कुणाची दीड वर्षाची. कार्ड मागितलं की आई पिशवी उपसत बसते. तिला मी रागावत नाही. तापाने फणफणलेलं लेकरू कडेवर घेऊन तीच रात्रभर जागलेली असते.

8
खाटेखाटेवर ताप, नाडी, ऑक्सिजन. खिडक्या उघड्याच ठेवायच्या, कारण मूल खोकून गेलं तरी गोवरचा विषाणू हवेत दोन तासांपर्यंत राहू शकतो. चिकटलेले डोळे ओल्या कापसाने पुसले. मग अ जीवनसत्त्व. बाटलीसोबतच्या चमच्यावर दोन खुणा असतात. सहा महिने ते वर्षाच्या आतल्या बाळाला 1 मिली, म्हणजे 1 लाख युनिट. वर्षावरच्याला 2 मिली. उद्या पुन्हा तेवढंच. गोवरात अंगातला हा साठा झपाट्याने घटतो आणि बुबुळाला जखम होऊन नजर जाऊ शकते. म्हणून चमचा खुणेपर्यंत भरला की नाही, हे मी डोळ्यांसमोर धरून बघते.

10
राउंडच्या आधी चौदा महिन्यांच्या एका मुलीपाशी थांबले. कानामागून सुरू झालेली पुरळ पायापर्यंत पोचून आता तपकिरी पडली होती, कोंडा सुटत होता. आई खुशीत होती. "सिस्टर, अंगावरचं सगळं उतरलं. आज सोडतील ना घरी?"

"थांबा ताई, जरा श्वास मोजू दे."

मुलगी रडत होती. रडताना मोजलेला आकडा धरायचा नसतो. आईने पाजायला घेतलं, ती शांत झाली, तेव्हा झबलं वर करून घड्याळ लावलं. पूर्ण एक मिनिट. मध्येच थांबून दुप्पट करायचं नाही. 56. या वयाला 40 च्या आत हवेत. शिवाय प्रत्येक श्वासाला बरगड्यांखालची जागा आत ओढली जात होती. डॉक्टरांना तिथूनच हाक मारली. न्यूमोनिया. ऑक्सिजन लावला, सलाईनची शीर शोधली, अँटिबायोटिक सुरू झालं, एक्स-रे काढायला सांगितला.

गोवरमध्ये मुलं दगावतात ती जास्त करून न्यूमोनियाने. विषाणू फुफ्फुसाला लागतोच, वर प्रतिकारशक्ती खचल्याने दुसरे जंतूही घुसतात. पुरळ गेली म्हणून घरचे निर्धास्त होतात, आणि आमची खरी राखण तिथूनच पुढे असते.

12
जेवणं. तोंड आलेली मुलं घास धरत नाहीत. जांभळं औषध लावून, थोडं थांबून पातळ खिचडी भरवली. जुलाब असलेल्यांना ओआरएस, चमच्याचमच्याने. एका आजींनी नातवाचं दूध बंद केलं होतं. देवी आली की दूध-तेल वर्ज्य, असं त्या ऐकत आल्या होत्या. त्यांच्याशी बराच वेळ बोलले. आजारात पोट रिकामं राहिलेलं मूल फार लवकर खचतं, हे पटल्यावर त्यांनी स्वतःच वाटी हातात घेतली.

दुपारी दीड
चौदा महिन्यांच्या त्या मुलीचा तीन वर्षांचा भाऊ घरी आहे, लस एकही नाही. संसर्गापासून 72 तासांत लस मिळाली तर उपयोग होतो. ती वेळ टळून गेली असली, तरी त्याला आजच दवाखान्यात दाखवा, असं वडिलांना सांगितलं. लसीची जागा आणि वार चिठ्ठीवर लिहून दिले. मूल गुंगीत गेलं किंवा झटके आले, तर एक क्षणही घरी थांबू नका, हेही सांगितलं. हजारात एखाद्याच्या मेंदूला सूज येते.

3
चार्ज दिला. मुलीचा श्वास 48, ऑक्सिजन चालू, दोनदा पाजून झालं. पुढच्या पाळीच्या सिस्टरला सांगितलं, "चारला पुन्हा मोज. आई घरी जायचं म्हणेल, तिला बरगड्यांखालचा तो खळगा दाखव."