विदेशी कापडाचा ट्रक, पोलिसांचा पहारा आणि महाळुंगे पडवळचा तरुण

मुंबईत व्यापारासाठी येऊन राहिलेल्या इंग्रज व्यापाऱ्यांच्या दृष्टीने हे शहर शिस्तीचे आणि निर्धोक होते. गोदीत माल उतरावा, पेढीवर जावा आणि विकला जावा, हा नित्यक्रम १९३० साली मोडला. गांधीजींनी ६ एप्रिल रोजी दांडी येथे मिठाचा कायदा मोडला आणि त्यानंतर मुंबईच्या रस्त्यांवर मिरवणुका, अटका व लाठीमार यांचे सत्र सुरू झाले. दुकानातील कापड हलविण्यासाठीही पोलिसांचे संरक्षण मागण्याची वेळ व्यापाऱ्यांवर आली.

याचे कारण ‘निरोधन’, म्हणजेच पिकेटिंग. विदेशी कापडाच्या दुकानांसमोर स्वयंसेवक उभे राहत, ग्राहकांना विनवीत आणि मालाच्या गाड्यांसमोर आडवे पडत. हात न उगारता व्यापार रोखण्याचा हा मार्ग होता. सरकारने वटहुकूम काढून निरोधन हा गुन्हा ठरविला. त्यामुळे एका खासगी व्यापाऱ्याच्या मालवाहतुकीचा प्रश्न थेट राजसत्तेचा प्रश्न बनला.

१२ डिसेंबर १९३० रोजी हा संघर्ष टोकाला गेला. मँचेस्टरचा कापड व्यापारी जॉर्ज फ्रेझर याचा माल पोलीस बंदोबस्तात ट्रकमधून निघाला होता. काळबादेवी रस्त्यावर भांगवाडीजवळ बाबू गेनू सैद हा गिरणी कामगार ट्रकसमोर आला. आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळ येथील गरीब शेतकरी कुटुंबात जन्मलेला हा तरुण त्या वेळी अवघ्या बाविशीच्या आसपास होता. ज्या गिरण्यांवर त्याच्यासारख्या कामगारांचे पोट चाले, त्यांना मँचेस्टरच्या कापडाशी बाजारात स्पर्धा करावी लागत होती.

ट्रक पुढे नेण्याचा हुकूम भारतीय चालकाने मानला नाही, तेव्हा इंग्रज पोलीस सार्जंटने स्वतः चाक हाती घेतले आणि ट्रक बाबू गेनूंच्या अंगावरून गेला, असे सांगितले जाते. सरकारने मात्र हा अपघात असल्याचे म्हटले.

त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ५ मार्च १९३१ रोजी, गांधी-आयर्विन करार झाला. धाकदपटशा न करता शांततेने निरोधन करण्यास त्यात मुभा मिळाली. ज्या कृतीसाठी बाबू गेनूंनी प्राण दिले, ती सरकारने अशा रीतीने मान्य केली. मात्र पोलिसांच्या वर्तनाची चौकशी व्हावी, ही मागणी याच करारात गांधीजींना सोडून द्यावी लागली. त्यामुळे काळबादेवीच्या रस्त्यावर त्या दिवशी चाक कोणाच्या हाती होते, याचा निवाडा झालाच नाही.

घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचे नाव देण्यात आले आहे. १२ डिसेंबर हा दिवस अनेक संघटना ‘स्वदेशी दिन’ म्हणून पाळतात. स्वदेशीइतकेच त्या दिवसाचे नाते शांततेने रस्त्यावर उभे राहण्याच्या हक्काशीही आहे.