धुराड्याच्या कोणत्या बाजूला राहता?

पुतण्याला फ्लॅट घ्यायचा आहे. हैदराबादच्या ईशान्येला, दोन बेडरूमचा, भाव परवडणारा. फोटो पाठवले आणि मागोमाग फोन. "काकू, सगळं छान आहे, पण गॅलरीतून लांबवर ते कचरा जाळून वीज करतात ना, त्याचं धुराडं दिसतं. घेऊ का?" त्याची मुलगी दोन वर्षांची. गेल्या हिवाळ्यात तिला दोनदा वाफ द्यावी लागली. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, म्हणून घरात असले प्रश्न माझ्याकडे येतात. या वेळी मात्र 'हो' किंवा 'नाही' असं झटकन सांगता येईना.

जवाहरनगरला शहराचा कचरा वर्षानुवर्षं टाकला जातो. तिथे २०२० पासून कचऱ्यावर वीज तयार होते. पुढे क्षमता २४ मेगावॅट झाली. पुण्याजवळ मोशीलाही १४ मेगावॅटचा असा प्रकल्प आहे, त्याचं उद्घाटन १ ऑगस्ट २०२३ ला झालं. म्हणजे तिकडच्या मामे-मावस भावंडांनाही हा प्रश्न आज ना उद्या पडणारच.

आधी भट्टीत काय होतं ते पाहू. आपल्या कचऱ्यात भाजीची देठं, शिळं अन्न, नारळाच्या करवंट्या, म्हणजे ओल भरपूर. ओलं सरपण चुलीत घातलं की काय होतं ते आजीला विचारा. आच उतरते आणि धूर वाढतो. आच उतरली की कार्बन मोनॉक्साइड वाढतो, आणि अर्धवट जळलेल्या पदार्थांतून डायॉक्सिन तयार व्हायला वाव मिळतो. १९७६ साली इटलीतल्या सेवेसोच्या रासायनिक कारखान्यातल्या अपघातानंतर जगाला माहीत झालेलं हेच ते विष. म्हणून आपल्या २०१६ च्या घनकचरा नियमांनी दुसऱ्या ज्वलनकक्षात किमान ९५० अंश तापमान आणि वायू तिथे किमान दोन सेकंद राहावा, अशी अट घातली. गंमत अशी की चांगला जळलेला धूर सावकाश थंड झाला तरी साधारण २०० ते ४५० अंशांच्या टप्प्यात डायॉक्सिन पुन्हा जुळून येतं. म्हणून धूर झपाट्याने थंड करायचा, त्यात चुना आणि सक्रिय कोळशाची भुकटी सोडायची, आणि शेवटी कापडी पिशव्यांच्या गाळणीतून काढायचा. गाळणीत उरलेली राख घातक कचरा म्हणून वेगळी हाताळावी लागते.

आता मोजमाप. धूळ, कार्बन मोनॉक्साइड, सल्फर डायॉक्साइड हे धुराड्यावरची यंत्रं सतत मोजू शकतात. त्याच नियमांत धुळीची मर्यादा घनमीटरला ५० मिलिग्रॅम होती. युरोपात दिवसाच्या सरासरीसाठी ती तेव्हा १० च्या आसपास होती. डायॉक्सिनची मर्यादा मात्र तेव्हा दोन्हीकडे सारखी होती, ०.१ नॅनोग्रॅम. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा शंभर कोटीवा भाग. इतकं बारीक मोजायला सहा ते आठ तास धूर खेचून नमुना घ्यावा लागतो आणि तो खास प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. वर्षात ८,७६० तास असतात. ज्या दिवशी पाहुणे येणार, त्या दिवशी घर कुणाचंही आवरलेलं असतं! भट्टी पेटवताना, बंद करताना, पावसाळ्यातला भिजका कचरा घालताना काय होतं, हा खरा प्रश्न.

आणि धुराड्याच्या तोंडाशी काय निघतं यावरून आपल्या गॅलरीत काय पोचतं ते कळत नाही. उंच धुराड्याचा धूर सहसा पायथ्याशी पडत नाही, काहीशे मीटर ते एक-दोन किलोमीटरवर खाली येतो. कुठे, ते वारा ठरवतो. आपल्याकडे पावसाळ्यात वारा बहुतेक पश्चिमेकडून, हिवाळ्यात पूर्वेच्या बाजूने. हिवाळ्यात पहाटे थंड हवा जमिनीलगत साचते, वर उबदार हवेचं झाकण बसतं आणि धूर पांगत नाही. त्यामुळे पुतण्याला मी पहिला प्रश्न किलोमीटरचा विचारला नाही, "धुराड्याच्या पूर्वेला का पश्चिमेला?" असं विचारलं. त्याला सांगता येईना.

वास येतो का, असं बायका आधी विचारतात. वास बहुधा साठलेल्या, कुजणाऱ्या कचऱ्याचा असतो. डायॉक्सिनला आपल्या नाकाला जाणवेल असा वास नसतो. शिवाय ते माणसात नाकापेक्षा ताटातून जास्त जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ९० टक्क्यांहून अधिक अन्नातून, मुख्यतः दूध, मांस, मासे यांतून. म्हणून नीट तपास करायचा तर हवेबरोबर आसपासची माती, तिथे चरणाऱ्या म्हशींचं दूध, मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्यांची अंडी तपासावी लागतात.

ब्रिटनमध्ये २२ भट्ट्यांभोवती असा मोठा अभ्यास झाला. भट्टीतून आलेली धूळ परिसरातल्या एकूण धुळीच्या मानाने अगदी थोडी निघाली, बालमृत्यूंशी संबंध दिसला नाही. जवळ राहणाऱ्यांत काही जन्मजात दोष किंचित जास्त दिसले, पण त्याचं कारण भट्टीच, असं संशोधकांना म्हणता आलं नाही. हा दिलासा जसाच्या तसा हैदराबादला लावायला मी तयार नाही. तिथला कचरा कोरडा, देखरेख कडक. दिल्लीत ओखल्याला वस्तीला खेटून २०१२ मध्ये प्रकल्प सुरू झाला. रहिवासी वर्षानुवर्षं भांडले. फेब्रुवारी २०१७ मध्ये हरित लवादाने २५ लाखांची भरपाई भरायला लावली, पण प्रकल्प चालू ठेवला.

दुसरी बाजूही सांगायला हवी. उघड्यावर जळणारा कचरा किलोमागे कितीतरी पट जास्त विष सोडतो. २०१६ च्या जानेवारीत मुंबईच्या देवनार कचराभूमीला लागलेल्या आगीचा धूर उपग्रहातून दिसला होता. आणि आपल्या सोसायटीचा वॉचमन पहाटे पाल्याबरोबर प्लास्टिक पेटवतो, त्याला ना गाळणी ना धुराडं.

पुतण्याला मी काम लावलं आहे. अशा प्रकल्पाच्या पर्यावरण मंजुरीसाठी दहा किलोमीटर परिसराची आधीची हवा मोजावी लागते. तो अहवाल शोध, म्हटलं. आधीचे आकडे नसतील तर नंतरच्या आकड्यांची तुलना कशाशी करणार? मग माहिती अधिकारात डायॉक्सिनच्या तपासण्यांच्या तारखा माग. नुसते आकडे नकोत, तारखा आणि त्या दिवशी भट्टी किती भाराने चालली होती, तेही. आणि जानेवारीतल्या एका पहाटे सहा वाजता त्या गॅलरीत उभा राहा.

अर्ज त्याने मागच्या आठवड्यात टाकला. बिल्डरने टोकनसाठी पंधरा दिवस दिले आहेत, माहिती अधिकारात उत्तराला तीस दिवस लागतात. सूनबाई म्हणते, गेला फ्लॅट तर जाऊ दे.